मेंदूतले जीन, एपिजेनेटिक बदल आणि तीव्र मानसिक आजार: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी आले की प्रश्नांना भरती येते, कारण कुणीतरी ‘तुमचे जीन तुम्हीच बदला’ छापाचा व्हिडिओ घेऊन आलेला असतो. तीव्र मानसिक आजार म्हणजे इथे मुख्यतः स्किझोफ्रेनिया (भास-संशयांत वास्तवाचं भान सुटतं तो) आणि बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतं तो). गोळ्यांविषयी जे लिहिलंय ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून. मात्रा परस्पर बदलू नका.

१. सगळ्या पेशींत तेच जीन असतात म्हणता. मग मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी वेगळी कशी?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो आणि त्यात प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारे साधारण २०,००० जीन असतात. पण सगळे जीन सगळीकडे चालू नसतात. सुपारीच्या बागेतलं शिंपण डोळ्यांसमोर आणा. पाट एकच, पण कुठल्या आळ्यात पाणी सोडायचं आणि कुठल्या आळ्याचं तोंड मातीने बुजवायचं हे शिंपणारा ठरवतो. जीन चालू असला की त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि नकलेवरून प्रथिन बनतं. किती नकला निघतात ती त्या जीनची अभिव्यक्ती. ‘मेंदूत अमुक जीनचं काम कमी झालेलं दिसलं’ असं बातमीत येतं तेव्हा बहुतेक वेळा या नकलाच मोजलेल्या असतात.

२. एपिजेनेटिक बदल म्हणजे जीनमध्ये बिघाड का?

नाही. डीएनएची अक्षरं तीच राहतात, त्यांच्यावरच्या खुणा बदलतात. दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला मिथिलेशन: डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराला एक छोटा मिथिल गट चिकटतो. तो जीनच्या सुरुवातीच्या भागात चिकटला तर सहसा तो जीन दबतो. दुसरा हिस्टोनवरचा बदल: एका पेशीतला डीएनए ताणून मोजला तर दोन मीटरच्या आसपास भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि ही गुंडाळी सैल की घट्ट, यावर जीन वाचला जाणार की नाही ते ठरतं.

‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला, म्हणजे डीएनएची रचना कळायच्याही आधी. तेव्हा हे काही कालपरवाचं फॅड नाही. त्याच्या नावावर जे विकलं जातं ते मात्र कालपरवाचंच आहे (प्र. १६).

३. आमच्या घराण्यात आजोबांपासून आहे. मलाही होणारच का?

‘होणारच’ असं कुणालाच सांगता येत नाही, आणि आकडे लोक समजतात त्यापेक्षा बरेच सौम्य आहेत. डेन्मार्कमध्ये सगळ्या नागरिकांच्या नोंदी ठेवतात. त्यांवर आधारलेला २०१० चा अभ्यास असं सांगतो: आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलांपैकी सुमारे ७ टक्क्यांना तो झाला. दोघांनाही असेल तर सुमारे २७ टक्के. दोघांनाही नसेल तर १ टक्क्याहून थोडं कमी. आजोबा-काका इतक्या लांबच्या नात्यात धोका आणखी उतरतो.

एकाच पालकाला आजार असलेल्या शंभर मुलांपैकी नव्वदाहून अधिक मुलांना स्किझोफ्रेनिया होत नाही, आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुसंख्य लोकांच्या आईवडील-भावंडांत तो कुणालाच नसतो. ‘घराण्यात आहे’ म्हणून एखाद्या घराला अख्खी वाडी नावं ठेवते तेव्हा ही दोन्ही वाक्यं तिथे मोठ्याने म्हणायला हरकत नाही.

४. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार, दुसरा एसटीत कंडक्टर, एकदम ठणठणीत. मग आनुवंशिक कसं म्हणायचं?

एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास शंभर टक्के सारखा असतो. तरी डेन्मार्कमधल्याच २०१८ च्या जुळ्यांच्या अभ्यासात एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण फक्त ३३ टक्के निघालं. वेगळ्या चेहऱ्यांच्या जुळ्यांत ते ७ टक्के होतं. ३३ आणि ७ यांतल्या फरकावरून डीएनएचा वाटा मोठा आहे हे कळतं. पण ३३ हा आकडा १०० पासून बराच लांब आहे. मधल्या जागेत गर्भातला रक्तपुरवठा, आजारपणं, नशा, ताण, निव्वळ योगायोग असं बरंच काही बसतं. एपिजेनेटिक्सकडे संशोधक वळले ते ही जागा भरायला.

५. स्किझोफ्रेनियाचा जीन सापडला असं वाचलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

असा एक जीन नाहीच. २०१४ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात डीएनएवरच्या १०८ जागा सापडल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा २८७ वर गेला. यातली एकेक जागा धोका जेमतेम चिमूटभर वाढवते आणि यातल्या कित्येक तुमच्याआमच्यातही असतात.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा २०१६ मधली ‘सी४’ जीनची असावी. सी४ हा मुळात रोगप्रतिकारशक्तीचा जीन. मेंदूत तो नको असलेल्या जोडण्या छाटायच्या कामी येतो. ही छाटणी पौगंडात जोरात चालते आणि स्किझोफ्रेनियाही साधारण त्यानंतरच डोकं वर काढतो. ज्यांच्यात सी४चा एक प्रकार जास्त व्यक्त होतो त्यांना धोका थोडा जास्त. डीएनएतला फरक, जीनची अभिव्यक्ती आणि मेंदूतलं प्रत्यक्ष काम अशी तिन्ही टोकं इतकी नीट जुळलेली उदाहरणं या क्षेत्रात फार थोडी आहेत.

दुसरं नाव एसईटीडी१ए. हा जीन बिघडलेला क्वचित सापडतो, पण सापडला तर धोका चांगलाच वाढवतो. त्याचं काम काय, तर हिस्टोनवर खुणा करणं. म्हणजे खुणा करणारी यंत्रणाच जन्मतः अधू असेल तर हा आजार होऊ शकतो.

६. आजारी माणसाच्या मेंदूत नक्की कोणते जीन कमी-जास्त झालेले दिसतात?

सर्वांत टिकलेला निष्कर्ष जीएडी१चा. हा जीन गाबा नावाचं, मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन बनवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा). कपाळामागच्या कॉर्टेक्समध्ये त्याच्या नकला स्किझोफ्रेनियात कमी असतात हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. त्या अभ्यासात पेशींची संख्या घटलेली नव्हती. पेशी जागेवर होत्या, जीन मात्र दबलेला होता. नंतरही वेगवेगळ्या प्रयोगशाळांत हे दिसत राहिलं.

रीलिनची गोष्ट शिकवणारी आहे. १९९८ मध्ये हे प्रथिन आजारी मेंदूंत निम्म्यावर आलेलं आढळलं. २००५ मध्ये त्याच्या जीनवर मिथिलेशन वाढल्याचं छापून आलं आणि कारण हाती लागलं असं वाटलं. पण २००८ मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं तर त्यांना ते मिथिलेशन दिसेना. असं या क्षेत्रात नेहमी होतं, म्हणून एका अभ्यासाच्या बातमीवर उड्या मारू नयेत.

२०१८ मध्ये शेकडो मेंदूंची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि ऑटिझम यांच्यातले बदल एकमेकांशी बरेच जुळले: चेतापेशींच्या जोडण्यांशी संबंधित जीन खाली, तर अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींचे जीन वर. एका डॉक्टरांनी बायपोलर लिहिलं, दुसऱ्यांनी स्किझोअफेक्टिव्ह (दोन्हींची लक्षणं एकत्र), म्हणून पहिले अडाणी असं समजू नका. पेशींच्या पातळीवरही या आजारांना स्वच्छ कुंपणं नाहीत.

७. पण जिवंत माणसाच्या मेंदूत हे पाहतात कसं?

पाहत नाहीत. मानसिक आजारासाठी मेंदूचा तुकडा काढत नाहीत, आणि एमआरआयमध्ये मिथिल गट दिसत नाहीत. वरचे बहुतेक निष्कर्ष मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवरचे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशी मेंदूपेढी १९९५ पासून आहे.

काम कसं चालतं ते थोडं जवळून पाहू, म्हणजे त्यातली अडचण लक्षात येईल. मेंदूचे काप उणे ८० अंशांना गोठवून ठेवतात. हवा तो भाग, समजा कपाळामागचा करडा थर, गोठलेल्या स्थितीतच खरवडून घेतात आणि वाटून त्यातला आरएनए वेगळा करतात. हा आरएनए नाजूक. मृत्यू आणि गोठवणं यांत किती तास गेले, शेवटचे दिवस न्यूमोनियाने धापा टाकत गेले की हृदय एकदम थांबलं, यावर ऊतकातली आम्लता बदलते आणि आरएनए तुटतो. त्यात खरवडलेल्या चिमटीत चेतापेशी, आधारपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी सगळ्याच येतात. एखाद्या मेंदूत आधारपेशी थोड्या जास्त निघाल्या तरी ‘चेतापेशींचा जीन कमी झाला’ असा भास होतो. अलीकडे एकेका पेशीचं केंद्रक वेगळं करून मोजतात, त्यामुळे हा घोळ बराच कमी झालाय.

दुसरा मार्ग मूळपेशींचा. रुग्णाच्या रक्ताच्या किंवा त्वचेच्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेत मागे नेऊन, त्यांच्यापासून बशीत चेतापेशी वाढवायच्या. बंगळुरूत निम्हान्स आणि सोबतच्या संस्था हे काम करतात. त्यातही गोम आहे. पेशी मागे नेताना जुन्या एपिजेनेटिक खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात, म्हणून जन्मजात डीएनएचा परिणाम या मार्गाने चांगला कळतो, आयुष्यात झालेल्या खुणांचा नाही.

८. मग रक्त किंवा थुंकी देऊन एपिजेनेटिक तपासणी करावी का? ऑनलाइन किट मिळतं.

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर ओळखायला आज कुठलीही एपिजेनेटिक तपासणी वापरत नाहीत. निदान होतं ते बोलून, निरीक्षण करून आणि घरच्यांकडून हकीकत ऐकून. रक्ताच्या पेशींवरच्या खुणा मेंदूतल्या खुणांपेक्षा बऱ्याच वेगळ्या असतात. शिवाय रक्तात सर्वांत ठळक दिसते ती धूम्रपानाची खूण. एएचआरआर नावाच्या जीनवर ती इतकी स्पष्ट असते की माणूस विड्या ओढतो की नाही हे रक्त बघून सांगता येतं. हे आजार असलेल्यांत धूम्रपानाचं प्रमाण जास्त. त्यामुळे ‘आजाराची खूण’ म्हणून जे दिसतं ते कित्येकदा विडीचं निघतं.

डीएनएवरून धोक्याचा एकत्रित गुणांक काढणाऱ्या किटबद्दलही माझं मत तेच: पैसे ठेवा. ते गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले आहेत, आपल्यावर ते आणखी कमी लागू पडतात. जेनेटिक तपासणी खरोखर करावी अशा दोन जागा प्र. २० मध्ये.

९. मेंदूतले हे बदल आजाराने झाले की वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी?

या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत रास्त प्रश्न. मेंदू मिळतो तो आयुष्याच्या शेवटी. तोवर त्या माणसाने गोळ्या घेतलेल्या असतात, धूम्रपान केलेलं असतं, कधी उपाशी, कधी एकटा राहिलेला असतो. हे सगळंच खुणा उमटवतं. त्यामुळे एखादी खूण सापडली तरी ती आजाराचं कारण, आजाराचा परिणाम की उपचाराचा परिणाम, हे त्या एका कापावरून ठरत नाही.

त्यावर काही वाटा काढल्या आहेत. माकडांना आणि उंदरांना महिनोन् महिने स्किझोफ्रेनियावरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं देऊन तोच जीन तसाच बदलतो का ते पाहतात. दुसरी वाट डीएनएची: जन्मतः धोक्याची अक्षरं असलेल्या पण आजार नसलेल्या माणसांतही तोच बदल दिसला, तर तो गोळ्यांचा असू शकत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियातले मिथिलेशनचे फरक मोठ्या प्रमाणावर अशा जागांवर सापडले, ज्या मुळात जन्माच्या आगेमागे बदलतात. म्हणजे निदान काही गोष्टींची सुरुवात पहिल्या गोळीच्या कितीतरी आधीची असावी.

‘गोळ्यांनी मेंदूचे जीन खराब होतात’ असा संदेश फिरतो, त्याच्यासाठी आधी प्र. २१ वाचा.

१०. मी गरोदर असताना खूप उलट्या व्हायच्या, जेवणच जात नव्हतं. आता सासूबाई म्हणतात मुलाचा आजार त्यामुळेच. खरं आहे का?

नाही. हा समज जिथून आला असेल तो अभ्यास वेगळ्याच परिस्थितीचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे भीषण उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट आढळलं. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळातही तसंच दिसलं. डच मुलांत साठ वर्षांनीसुद्धा आयजीएफ२ या जीनवरचं मिथिलेशन कमी सापडलं, म्हणून हे उदाहरण एपिजेनेटिक्सच्या प्रत्येक व्याख्यानात येतं.

पण दुप्पट म्हणजे किती? शंभरात एकाचे शंभरात दोन. तेही अख्ख्या मुलखाची उपासमार झाली तेव्हा. पहिल्या तीन महिन्यांत पेजेवर आणि कोकमच्या सारावर दिवस काढलेल्या बाईला ते लावणं हा निव्वळ अन्याय आहे. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

११. लहानपणीच्या मारहाणीने मेंदूतले जीन बदलतात हे सिद्ध झालंय का?

उंदरांत, हो, चांगल्यापैकी. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी आणि मोशे झीफ यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की ज्या पिलांना आई जास्त चाटते त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ताणाचं हार्मोन ओळखणाऱ्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जीनवर मिथिलेशन कमी असतं आणि ती पिलं मोठेपणी ताणाला कमी बिचकतात. पिलं दुसऱ्या आईकडे दिली तर खुणा त्या सांभाळणाऱ्या आईप्रमाणे होतात, म्हणजे हे रक्तातून आलेलं नाही.

माणसांत २००९ मध्ये त्याच जीनवर तसाच फरक दिसला, आत्महत्येने गेलेल्या आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या लोकांच्या मेंदूंत. पण प्रत्येक गटात १२ मेंदू होते, हे बातम्यांत कुणी लिहीत नाही. बालपणीच्या अत्याचाराने नैराश्याचा आणि सायकोसिसचाही (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका वाढतो हे मोठमोठ्या पाहण्यांतून नक्की झालेलं आहे. तो मिथिलेशनमधून वाढतो का, हे अजून तितकं नक्की नाही. मार थांबवायला मिथिलेशनच्या पुराव्याची वाट बघायची गरज नाही, हे वेगळं सांगायला नको.

१२. नारायण नागबळी केलं, मूळ पुरुषाचं देणं फेडलं. आता भाचा म्हणतो पूर्वजांचे आघात जीनमधून उतरतात हे विज्ञानानेही मान्य केलंय. खरं का?

भाच्याला सांगा, माणसाच्या बाबतीत मान्य केलेलं नाही. बीजपेशी तयार होताना बहुतेक मिथिल खुणा पुसल्या जातात आणि फलनानंतर पुन्हा एकदा पुसल्या जातात. उंदरांत काही खुणा या दोन्ही साफसफाईंतून सुटल्याची उदाहरणं आहेत. माणसांत आघाताची खूण अशी पिढ्यान् पिढ्या उतरल्याचा भक्कम पुरावा नाही.

शिवाय एक गंमत बघा. तुम्ही ज्या अंड्यापासून झालात ते तुमची आई तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागलं होतं. त्यामुळे आजीची गरोदरपणातली उपासमार थेट तुमच्यापर्यंत पोचू शकते, त्याला वारसा म्हणता येत नाही. खरा वारसा म्हणायचा तर पणतवंडांत दिसायला हवा. आणि घरात जे प्रत्यक्ष उतरतं, म्हणजे गरिबी, दारू, बोलायची पद्धत, त्याला कुठल्याच रेणूची गरज नसते.

१३. गावात कौल लावला, देवस्की निघाली. डॉक्टर म्हणतात मेंदूचा आजार. कुणाचं ऐकायचं?

गाऱ्हाणं घाला, नारळ द्या, कुणी अडवत नाही. पण गोळी चालू ठेवून. सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितका काळ जातो तितकं पुढचं बरं होणं कठीण जातं, आणि आपल्याकडे तो काळ बहुतेक वेळा या भगताकडून त्या भगताकडे हिंडण्यात जातो. बांधून ठेवणं आणि धूर देणं मात्र ताबडतोब थांबवा. बेड्या घालण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं.

१४. मानसोपचाराच्या गोळ्या जीनवर काम करतात का?

अप्रत्यक्षपणे बहुतेक सगळ्याच. महिनाभर घेतलेलं कुठलंही औषध पेशींतल्या काही जीनांची अभिव्यक्ती बदलतंच. थेट एपिजेनेटिक यंत्रणेवर बोट ठेवणारं नेहमीचं औषध एकच, सोडियम व्हॅल्प्रोएट. फिट्ससाठी ते कित्येक वर्षं वापरात होतं. हिस्टोनची गुंडाळी घट्ट करणाऱ्या विकरांना ते रोखतं हे २००१ मध्ये कळलं. मात्र बायपोलरमध्ये त्याचा गुण याच कारणाने येतो असं ठरलेलं नाही.

हे औषध गरोदरपणात टाळायचंच असतं. ते घेणाऱ्या आयांच्या बाळांपैकी सुमारे १० टक्क्यांत मोठी जन्मजात व्यंगं आढळतात, आणि ३० ते ४० टक्के मुलं बोलण्या-शिकण्यात मागे पडतात. मुलीचं लग्न ठरत असेल आणि ती व्हॅल्प्रोएटवर असेल तर साखरपुड्याआधी डॉक्टरांना भेटा, दिवस गेल्यावर नव्हे. पण परस्पर बंदही करू नका.

१५. नवरा बोटीवर जातो आणि लिथियम घेतो. मे महिन्यात हात थरथरतात. हेही जीनमुळे का?

जीनचा संबंध नाही, पण हा प्रश्न दर वैशाखात येतो म्हणून इथे ठेवला आहे. लिथियम हे बायपोलरचं औषध म्हणजे एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. घामावाटे मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही धरतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० हवी, १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते.

आता बोटीवरचा दिवस बघा. पहाटेपासून ऊन, पिण्याचं पाणी मोजून, अंग मोडून आलं म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी. या वेदनाशामकांनीही लिथियम चढतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी. बीपीसाठी कुणी अचानक मीठ बंद करायला सांगितलं किंवा लघवीची गोळी दिली, तर लिथियम चालू आहे हे आधी सांगा. बारीक थरथर नेहमीची असते. पण हात जाडजूड हलायला लागले, चालताना तोल जातो, जीभ जड होते, उलट्या-जुलाब होतात, असं काही दिसलं की त्या दिवशीची गोळी न देता थेट दवाखाना गाठा. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं.

१६. बांगडा-तारली खाऊन किंवा ‘जीन रीसेट’ शिबिराने फरक पडतो का?

माशांचं आधी. २०१० मध्ये व्हिएन्नात, सायकोसिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ८१ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. माशाच्या तेलाने आजारात जाणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. सगळे हरखले. २०१७ मध्ये अनेक देशांत मोठा प्रयोग केला तर फायदा दिसला नाही. बांगडे खा, हृदयाला चांगले आहेत.

शिबिरांबद्दल स्पष्टच लिहितो. श्वास, ध्यान, व्यायाम यांनी झोप आणि मन सुधारतं, गोळ्यांच्या जोडीने जरूर करा. पण ठरवून एखाद्या जीनवरची खूण पुसता येते हा दावा खोटा आहे. प्रयोगशाळेतसुद्धा एका जागेवरची एक खूण बदलायला आज केवढी धडपड करावी लागते. आणि कडक सायकोसिसमधून नुकत्याच सावरलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौन शिबिरात बसवणं धोक्याचं ठरू शकतं.

१७. पोरगा गोव्याला जाऊन-येऊन गांजा ओढतो. घरात मावशीला आजार आहे. किती घाबरायचं?

बऱ्यापैकी. युरोपातल्या २०१९ च्या अभ्यासात, तीव्र प्रतीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट निघालं. ‘अमुक जीन असेल तरच गांजा बाधतो’ असं मध्यंतरी गाजलं होतं, ते पुढे धड टिकलं नाही. त्यामुळे तपासणी करून ‘मला चालतो’ म्हणायची सोय नाही.

१८. मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय आणि मामीला बायपोलर आहे. करावं का? आणि सोयरिकीत आजार सांगावा का?

मामी बाहेरून आलेली, तुमच्या रक्तातली नाही. तेव्हा प्रश्न मुलीपुरता राहतो, आणि तिचा स्वतःचा धोका प्र. ३ मधल्यासारखाच मर्यादित. आजार मामाला असता तर तो तुमच्या आईच्याही घराण्यातला झाला असता आणि ओझं दोन्ही बाजूंनी आलं असतं. नात्यातल्या लग्नात एरवी काळजी असते ती थॅलेसेमियासारख्या, दोन्हीकडून एकेक बिघडलेला जीन आल्यावर होणाऱ्या आजारांची. ती रक्ततपासणी जरूर करा.

सांगावं का? स्वतःला आजार असेल, गोळ्या चालू असतील तर सांगावंच. लग्नानंतर डबीत लपवलेल्या गोळ्या सापडतात, मग त्या बंद होतात, मग आजार उलटतो. हा क्रम इतका ठरलेला आहे की त्यात नवल राहिलेलं नाही. चुलत्याला होता, आजीला होता, हे मात्र जाहीर करत फिरायची गरज नाही.

१९. वडिलांच्या पन्नाशीत झालेल्या मुलाला धोका जास्त असतो का?

थोडा. बापाचं वय वर्षाने वाढलं की मुलात सरासरी दोन नवी उत्परिवर्तनं (डीएनएच्या अक्षरांतले बदल) जास्त येतात, असं आइसलँडच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. हा बदल अक्षरांतलाच आहे, एपिजेनेटिक नव्हे. तरी एका मुलापुरता पाहिला तर धोका लहानच राहतो.

२०. जेनेटिक तपासणी कधीच करू नये का?

दोन जागी करावी. पहिली: सायकोसिससोबत जन्मतः हृदयाचा दोष, टाळू फाटलेलं, रक्तात कॅल्शियम कमी, शिकण्यात बरंच मागे, यांतलं काही असेल तर २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असू शकतो. अशा व्यक्तींपैकी जवळपास चारातल्या एकीला सायकोसिस होतो. निदान झालं तर कॅल्शियम आणि हृदयाकडे लक्ष देता येतं, म्हणून तपासणीचा खरा उपयोग आहे.

दुसरी: कार्बामाझेपिन सुरू करताना. एचएलए-बी १५:०२ हा जीनचा प्रकार आशियाई लोकांत, भारतातही, सापडतो आणि त्यात या गोळीने त्वचा सोलवटणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तपासणी शक्य नसेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

२१. मुलगी दोन वर्षं एकदम बरी आहे. खुणा पुसल्या गेल्या असतील, आता गोळ्या बंद करू का?

खुणा पुसल्या की नाही हे सांगणारी तपासणी नाही (प्र. ८). बरं असणं हा पुष्कळदा गोळीचाच परिणाम असतो. २०१२ मध्ये अनेक प्रयोगांची बेरीज करून पाहिली गेली: स्किझोफ्रेनियात गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. उलट बाजूने पाहिलं तर बंद करूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक त्या वर्षात ठीक राहिले. ते कोण, हे आधी ओळखता येत नाही, सगळा घोळ तिथे आहे. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत, महिनोन् महिने हळूहळू, आणि घरात कुणीतरी झोपेवर नजर ठेवून. झोप बहुतेकदा सर्वांत आधी बिघडते.

२२. भावाने विड्या सोडल्या आणि डॉक्टरांनी त्याची क्लोझापिनची मात्रा कमी केली. चांगल्या माणसाला ही शिक्षा का?

शिक्षा नाही, आणि जीनची अभिव्यक्ती रोजच्या जगण्यात स्वच्छ दिसते अशी ही जागा आहे, फक्त मेंदूत नव्हे तर यकृतात. विडी-सिगरेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या सीवायपी१ए२ या जीनचं काम वाढवतात. त्याचं विकर क्लोझापिन भराभर तोडतं, म्हणून ओढणाऱ्याला जास्त मात्रा लागते. ओढणं थांबलं की काही दिवसांतच तो जीन पूर्वपदावर येतो आणि त्याच मात्रेवर रक्तातलं औषध चढायला लागतं: अति झोप, लाळ गळणं, क्वचित फिट. ओलान्झापिनबाबतही हे लागू, थोड्या कमी प्रमाणात.

हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला, मशेरी लावणाऱ्याला किंवा निकोटिनचं च्युइंगगम चघळणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही. विड्या सोडून कुणी मशेरीवर आला तरी डॉक्टरांना विडी सुटल्याचं सांगायचंच. भावाने पुन्हा विडी धरली तर तेही सांगा, कारण मग हेच चक्र उलटं फिरतं आणि औषध कमी पडायला लागतं.